आठवी मनाई

सुरतेच्या नवागाममधल्या त्या गल्लीत कुणाच्या डोळ्यात काही गेलं की माणूस दवाखान्याची वाट धरत नसे, सरलाबाईच्या दाराशी येई. संच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यातली पाळी सुटली की आठवड्याला चार-पाच जण तरी एक डोळा तळहाताने झाकून तिच्या ओट्याशी उभे असत. सरलाबाई हातातलं काम टाकी, तीन चुळा भरी, माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवी आणि पापणी वर करून जिभेच्या शेंड्याने डोळा हलकेच पुसून काढी. मग तळहातावर थुंकून दाखवी. धाग्याची लव असे, लोखंडाचा कीस असे, कधी नुसता पापणीचा केस. माणूस डोळे मिचकावत, हसत घरी जाई.

याचे ती पैसे घेत नसे. ही विद्या तिला सासूने दिली होती. सासूने मरताना ना सोनं ठेवलं ना भांडी. हेच ठेवलं, आणि सरलाबाईला त्याचा सोन्याहून जास्त तोरा होता. तिच्या वयाच्या बायका दोन्ही वेळा बोटभर मिसरी दातांना चोळत बसायच्या. सरलाबाईने मिसरी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडली ती सोडलीच, कारण तंबाखूच्या तोंडाने डोळ्याला जीभ लावली तर माणूस बोंबलत सुटेल. पस्तीस वर्षं तिने तोंड स्वच्छ ठेवलं होतं. गल्लीत कुणी तिला काकी म्हणे, कुणी मावशी. पण नवीन माणसाला पत्ता सांगताना सगळे "डोळेवाली" असंच सांगायचे.

आणि तिच्याच घरात नवरा आंधळा होत चालला होता.

उखा वीस वर्षं संच्यावर होता. चार संचे एकटा सांभाळायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तो त्याने वर्षभर लपवला. संच्याचा आवाज त्याला पाठ होता. सुताची तार तुटली की खडखडाटात फरक पडतो, तो त्याला कळे. विणल्या कापडावरून तळहात फिरवून तो चूक शोधी. पण कानाला आणि हाताला सगळंच कळत नाही. प्लेगच्या पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, खात्याचा मास्तर रामदास कापडाचा एक ताका घेऊन दारात आला. तो त्यांच्याच तालुक्याचा, म्हणून बिचारा घरी आला. नाहीतर चार माणसांत बोलला असता.

"उखाभाऊ, आठे दखा. तीन हात तार तुटेल से आनि तुमी तसंच ईनी टाकं."

उखाने ताका हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग चाचपला. रामदासने मान फिरवली.

"शेठले मी काय सांगू? होळीपर्यंत तुमना संच्यावर बदली मानूस उभा करस. तव्हपर्यंत डोया करी ल्या. पुढे मना हातमा नै."

सुरतेत डोळ्यांचे दवाखाने काय कमी होते? पण फुकट ऑपरेशन करणाऱ्या एका ट्रस्टच्या खिडकीवर उखाला सांगण्यात आलं की फुकटची सोय दूरच्या खेड्यांसाठी आहे, तुम्ही तर सुरतचे. वीस वर्षांत या गावाने उखाला सुरतचा म्हटल्याची ही पहिलीच वेळ. एरवी तो खानदेशीच होता. मग पौष महिन्यात धाकट्या भावाचं, लक्ष्मणचं, कार्ड आलं: आपल्या गावी, बोरटेकच्या शाळेत, सुरतच्या डॉक्टरांची गाडी येणार आहे, पाच दिवस मुक्काम, रेशनकार्ड इथलंच आहे, निघून या.

तर सुरतचा डॉक्टर गाठायला उखा सुरतेहून निघाला. सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने नंदुरबार, तिथून एस.टी., आणि शेवटचा दीड कोस पायी. सरलाबाई पुढे चालली होती, तिच्या पदराचं टोक उखाच्या मुठीत होतं. नांगरलेल्या रानातल्या ढेकळांवरून तो पाय उचलून उचलून टाकत होता. गावात शिरताना मात्र त्याने पदर सोडला आणि ताठ चालू लागला, आणि पहिल्याच घराच्या ओट्याला गुडघा आपटून घेतला. ओट्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोन शे?" उखा म्हणाला, "उखा. सुरतवाला." गुडघा चोळायलाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन मॅटाडोर आणि एक जीप धुळीने लाल होऊन आल्या. दोन डॉक्टर, आणि दहा-बारा माणसं पदरचा वेळ काढून आलेली. त्यात कपड्याचा व्यापारी होता, बँकेतला कारकून होता, कॉलेजातल्या मुली होत्या. त्यांनी स्वतः शाळा झाडली, वर्गाच्या भिंतींना चुना मारला, खिडक्यांना हिरवं कापड लावलं, स्टोव्हवर हत्यारं उकळायला ठेवली. सरलाबाई बघतच राहिली. चांगल्या घरची माणसं, आणि भिल्लाच्या म्हातारीला हाताला धरून संडासला नेत होती.

त्यांची मुख्य होती हंसाबेन, निवृत्त शाळामास्तरीण, पांढरी साडी, गळ्यात शिट्टी. बाई भली, पण शिस्तीची. तिला गुजराती सोडून काही येत नव्हतं आणि समोर बसलेल्या दोनशे माणसांना गुजराती कळत नव्हती. सरलाबाईने मधे तोंड घातलं आणि हंसाबेनने तिला धरूनच ठेवलं. "सरलाबेन, तमे मारी साथे ज रहो."

मग पाच दिवस सरलाबाई त्या कॅम्पची वाचा झाली. ऑपरेशनला घाबरून पळणाऱ्या बायांचे हात तिने धरले. कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाला खोकला आहे, ते तिने डॉक्टरला सांगितलं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ हंसाबेन वर्गात उभी राहून एकेक बोट उघडत सात मनाया सांगायची, तेव्हा सरलाबाई शेजारी उभी राहून तशीच बोटं उघडत अहिराणीत सांगायची.

"एक, डोयाले हात लावाना नै. दोन, फडकं नै, पदर नै. तीन, पानी जाऊ देवानं नै. चार, चुल्हा जोडे बठानं नै, धूर नै. पाच, वाकानं नै, वझं उचलानं नै. सहा, काजय नै, दूध नै, पालाना रस नै. सात, त्या कुशीवर निजानं नै. चाळीस दिवस. डोयामा फक्त बाटलीनी दवा."

बाया पुन्हा म्हणायच्या. चुकल्या की सरलाबाई हंसाबेनसारखीच भुवया चढवायची. गावात सून म्हणून नांदताना जिला कुणी हाक मारून विचारलं नव्हतं, तिला आता पाटलाची सूनही "काकू" म्हणत होती. सरलाबाईला ते फार गोड लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

उखाचं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन बाकं जोडून केलेल्या टेबलावर तो अर्धा तास पडून होता. सरलाबाईला आत सोडलं नाही. मग तो रांगेत गोणपाटावर उताणा, डोळ्यावर पट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरने पट्टी काढली. उखाने डोळा उघडला, पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. पाणी गळत होतं. सरलाबाई समोर उकिडवी बसली होती.

"दखास का काही?"

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. नीट नाही, पाण्यातून बघितल्यासारखं. चष्मा महिन्याने मिळणार होता. पण दिसत होतं.

"तुना केस पांढरा व्हई ग्यात वं," तो म्हणाला. "बठ्ठा? कव्हय व्हयनात?"

सरलाबाईने पदर डोक्यावर ओढला आणि हसत हसत रडायला लागली. शेजारच्या गोणपाटावरच्या म्हातारीने तिला दटावलं, रडू नको, त्याला पण रडायला येईल, डोळा ओला होईल.

पाचव्या दिवशी गाड्या पुढच्या गावाला गेल्या. शाळेच्या दारावर कागद लावला होता: इथून टेंभे, मग आंबापाडा. प्रत्येकाला हिरव्या कापडाची पट्टी, दवेची बाटली. उजवा डोळा पुढच्या साली, डॉक्टर म्हणाला. उखाला धुरापासून, संच्यांच्या लवेपासून चाळीस दिवस लांब ठेवायचं म्हणून दोघं लक्ष्मणच्या घरीच राहिली. होळीला अजून दीड महिना होता. हिशोब बरोबर बसत होता.

लक्ष्मणची बायको मंदा काही वाईट नव्हती. पण ज्वारी-बाजरीची मळणी अंगावर आली होती, घरात हात कमी होते, आणि थोरला दीर ओट्यावर खाटेवर नुसता बसून होता. सरलाबाई पहाटेपासून तिच्याबरोबर राबायची, दोघांची भाकरी फेडायला. तरी मंदा कुणाचं नाव न घेता, सासूच्या जुन्या मडक्याशी बोलल्यासारखं बोलायचीच.

"सुरतना पाहुणा बठेल सेत. आम्हीन राबतस. बठीसन भूक बी जास्ती लागस."

उखाला ऐकू चांगलं येत होतं. वीस वर्षं संच्यांच्या आवाजात काढली तरी कान शाबूत होते. नवव्या दिवशी लक्ष्मणच्या खळ्यावर भाड्याचं मळणीयंत्र आलं. उखा खाटेवरून उठला, डोळ्यावर हिरवी पट्टी घट्ट केली आणि काठी टेकत खळ्यावर जाऊन बसला. कणसांचा ढीग राखतो म्हणाला, ढोरं येतात. लक्ष्मण नको नको म्हणत होता, पण यंत्राच्या आवाजात कुणाचं कुणाला कळतंय.

वारं फिरलं तेव्हा सरलाबाई पाण्याची घागर घेऊन येत होती. यंत्राच्या तोंडातून उडणारा भुसा एकदम ढिगाकडे वळला आणि उखा त्यात दिसेनासा झाला. ती घागर टाकून धावली. उखा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. हात लावाना नै, ते त्याला पाठ होतं. पट्टी एका बाजूने सुटली होती.

"काही गया वं डोयामा. कुसय गये. टोचस. लय टोचस."

सरलाबाईने त्याला बाभळीच्या आडोशाला नेलं. डोळा लाल झाला होता, पाणी वाहत होतं आणि पांढऱ्या भागावर, टाक्यांच्या खाली, बाजरीचं एक बारीक कुसळ चिकटलेलं तिला स्पष्ट दिसत होतं. तिने बाटलीतली दवा टाकली. कुसळ हललं नाही. पुन्हा टाकली. उखा खालचा ओठ चावत होता.

तिने सातही मनाया मनात म्हटल्या. हात नाही, फडकं नाही, पाणी नाही. तिने एकही मोडायची नाही असं ठरवलं होतं, आणि मोडली नाही. जीभ त्या सातांत नव्हती. जीभ हातासारखी मळकी नसते, शेणात जात नाही, चुलीत जात नाही. पस्तीस वर्षांत त्या जिभेने कुणाचा डोळा बिघडला नव्हता. गाव, गल्ली, खातं, सगळ्यांसाठी जी विद्या वापरली ती आज स्वतःच्या माणसासाठी नाही वापरायची तर कधी?

तिने तीन चुळा भरल्या.

"डोया उघडा ठेवा. हालू नका."

आणि हाताने चुकूनसुद्धा स्पर्श होऊ नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. मग ती वाकली. एका फेरीत कुसळ आलं. तळहातावर थुंकून तिने त्याला दाखवलं, आणि उखाने सुटकेचा श्वास टाकला.

"गयं," तो म्हणाला. "बरं वाटनं."

पुढच्या दिवशी डोळा दुखायला लागला. तो म्हणाला, भुश्याने असेल. त्याच्या पुढच्या दिवशी पापणी सुजून मिटली आणि अर्धं डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सरलाबाईने पट्टी उचलली तर खाली पिवळा पू होता. तिने पट्टी परत ठेवली. उखाने विचारलं, काय आहे? ती म्हणाली, काही नाही, जरा पाणी आहे. मग तिने लक्ष्मणकडे एस.टी.पुरते पैसे मागितले आणि नवऱ्याला उभं केलं.

टेंभ्याची शाळा रिकामी होती. गाड्या आदल्या संध्याकाळीच आंबापाड्याला गेल्या होत्या. वर्गाच्या कोपऱ्यात कापसाचे बोळे पडले होते, चुन्याचा आणि डेटॉलचा वास अजून होता, आणि फळ्यावर खडूने सात ओळी लिहिलेल्या होत्या. सरलाबाईला वाचता येत नव्हतं. पण ओळी किती ते मोजता येत होतं. तिने बोटं उघडत त्या दोनदा मोजल्या आणि उखाचा दंड धरून बाहेर पडली.

आंबापाड्याला गाडी नव्हती. दुधाच्या टेम्पोने फाट्यापर्यंत सोडलं, पुढे दोन कोस चढ. ऊन तापलं होतं. उखा दर शंभर पावलांवर बसत होता, दोनदा ओकला. ती त्याला उठवत होती. त्याच्या अंगाला ताप होता. तिच्या खांद्यावर टेकलेला त्याचा हात तव्यासारखा लागत होता. बांधावरून गवत घेऊन चाललेल्या दोन पोरी थांबून बघत राहिल्या. सरलाबाई त्यांच्यावर उगाच खेकसली.

वाटेत तिने एकदाच विषय काढला. "मी जीभ लाई, त्यानामुये तं नै व्हयी ना?"

उखाने तिच्या खांद्यावर हात नीट टेकला. "चाल तू," तो म्हणाला.

आंबापाड्याच्या शाळेसमोर माणसांची रांग होती. हंसाबेनने लांबूनच ओळखलं आणि शिट्टी गळ्यात हेलकावत पुढे आली. डॉक्टरने उखाला बाकावर बसवलं, बॅटरी घेतली, पट्टी उचलली. तरणाच होता, सकाळपासून तीस डोळे झाले होते त्याचे. मग त्याचा तोल गेला.

"कोणे हाथ लगाड्यो? काका, आ शुं कर्युं तमे?"

रांगेतली माणसं वळून बघू लागली. डॉक्टर बोलतच होता: पाच दिवस घसा कोरडा करून सांगितलं, आम्ही घरदार सोडून एवढ्या लांब येतो, तुम्हाला एवढंही पाळता येत नाही? डोळा गेला. कळतंय? गेला. आता काढावा लागेल, नाहीतर दुसराही जाईल.

सरलाबाईने तोंड उघडलं. दोनशे माणसांसमोर पाच दिवस न अडखळता बोललेलं तिचं तोंड. त्यातून काही बाहेर येईना.

"में चोळी, साहेब," उखा म्हणाला. मोडक्या गुजरातीत, मान खाली घालून त्याने दोष झोपेवर घातला. "ऊंघमां हाथ गयो."

"ऊंघमां!" डॉक्टरने बॅटरी टेबलावर आपटली.

हंसाबेनने सरलाबाईकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती: बिचारीने इतकं केलं आणि नवरा असा निघाला. सरलाबाईने ती कीव घेतली. गप्प उभी राहून घेतली. आपण किती हलक्या आहोत हे तिला त्या दिवशी कळलं.

मॅटाडोर त्यांना घेऊन सुरतेला निघाली. नवापूर, सोनगढ, व्यारा. उखा मागच्या बाकावर आडवा होता, त्याचं डोकं तिच्या मांडीवर. रस्ता चांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रस्टच्या दवाखान्यात डोळा काढला. या वेळी फुकट झालं.

होळीला रामदासने बदली माणूसच कायम केला. त्याचा काही दोष नव्हता. उखाला त्याने कांड्यांवर सूत भरायच्या कामाला लावलं. ते काम बायका आणि म्हातारे करतात, बोटांनी होतं, बसून होतं. ज्या खात्यात तो चार संच्यांच्या मधून चालत असे, तिथे आता दारापाशी बायकांच्या ओळीत तो मांडी घालून बसे. उजव्या डोळ्याने त्याला उजेड-अंधार कळे, माणसाचा आकार कळे. सरलाबाई दुपारी भाकरी घेऊन जाई. ती आली की तो चालीवरून ओळखे. त्या खळ्यावरच्या गोष्टीबद्दल दोघं एकदाही बोलली नाहीत. मुलगा गजेंद्र सुरतेतच बमरोलीला वेगळा राहायचा, तो येऊन बापाला खूप बोलून गेला: एवढं फुकटात झालं होतं, हात आवरला नाही तुम्हाला? उखाने ऐकून घेतलं. सरलाबाई मोरीत भांडी घासत होती, ती घासतच राहिली.

चैत्रात शेजारची चंचल एक डोळा झाकून ओट्याशी आली. साड्यांचे धागे कापण्याचं काम करायची, लव गेली होती.

"काकी, काढी द्या ना. टोचस."

सरलाबाई दारातच बसली होती. तिने तोंडातून बोट काढलं. बोट काळं होतं, दात काळे होते.

"मी मिसरी लावस आते," ती म्हणाली. "नळवर जाय. डोया धुई टाक. नै थांबनं तं दवाखानामा जाय."

चंचल बघतच राहिली. गल्लीत दोन दिवस तीच चर्चा होती: डोळेवालीने म्हातारपणी मिसरी धरली. बायकांनी नावं ठेवली, हसल्या. हळूहळू लोक यायचे थांबले. सासूने दिलेलं एकच लेणं सरलाबाईने असं तंबाखूत पुरून टाकलं. मिसरी तिला मुळीच सोसत नव्हती, डोकं गरगरायचं. तरी ती दोन्ही वेळा लावायची.

पुढच्या थंडीत हंसाबेन स्वतः गल्ली विचारत आली. सगळ्यांनी ओटे सोडून बघितलं. "सरलाबेन, चालो. तमारा वगर अमे मूंगा." तुमच्याशिवाय आम्ही मुके, आणि काकांचा दुसरा डोळा या वेळी नक्की करू, मी डॉक्टरशी बोलले आहे. या वेळी मात्र काकांचे हात बांधून ठेवू, असं म्हणून ती हसली. उखाही हसला.

या खेपेला ती दोघं सुरतेहूनच मॅटाडोरमध्ये बसून गेली. बोरटेकची तीच शाळा, तोच चुना, तेच हिरवं कापड. उखाच्या उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावली, उद्याचा नंबर. शेवटचा डोळा. तो रांगेत भिंतीला टेकून बसला, डाव्या खोबणीवर काळं फडकं.

हंसाबेनने सात बोटं उघडली. सरलाबाईने सात मनाया सांगितल्या. बाया मागून बोलल्या. मग हंसाबेनने नवीन काढलं. गेल्या वर्षभरात प्रत्येक कॅम्पला ती हे सांगत होती हे सरलाबाईला माहीत नव्हतं.

"हवे एमने कहो: गया वरसे अहीं एक काकाए ऊंघमां हाथथी आंख चोळी. आंख गई. एवुं कोई करशो नहीं." नाव तिने घेतलं नाही, भली बाई. पण रांगेत एकाच माणसाच्या डोळ्यावर काळं फडकं होतं आणि सगळं गाव त्याला ओळखत होतं. माना तिकडे वळू लागल्या. उखाने मान खाली घातली, आंबापाड्याला घातली होती तशीच.

सगळे सरलाबाईच्या तोंडाकडे बघत होते. तिने ओठ ओले केले. मिसरीची कडू चव आली.

"गये साल आठे एक मानूसना डोया गया," ती म्हणाली. "त्यानी हात लाया नै. त्याना दोन्ही हात मांडीखाल व्हतात. त्यानी बायकोनी त्याना डोयाले जीभ लाई."

वर्गात कुजबूज झाली. पुढच्या ओळीतली सखुबाई, लक्ष्मणच्या शेजारची, मोठ्याने बोलली, "ऑपरेशनना डोयाले जीभ? अशी कोन येडी बाई व्हती वं?"

"मी," सरलाबाई म्हणाली. "मीच ती. मी बठ्ठासले सात मनाया शिकाड्यात. माले वाटनं, त्यामा जीभ नै. मी हात मांगे बांधीसन जीभ लाई. आनि डॉक्टर त्यासले बोलना तव्हय मी मुकी उभी राहिनू."

हंसाबेन एकीकडून दुसरीकडे बघत होती. "शुं कीधुं तमे? सरलाबेन?"

सरलाबाई तिच्याकडे वळली. आता गुजरातीत सांगणं जास्त अवघड होतं. "काकाए हाथ नोतो लगाड्यो, बेन. मारी जीभ हती." तरणा डॉक्टर दारात उभा होता, हातमोजे अर्धे चढवलेले. त्याने ऐकलं. त्याने उखाकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

आता हे आपल्याला बाहेर काढतील, उखाचं नावही कापतील, असं सरलाबाईला वाटत होतं. भिंतीकडून उखाचा आवाज आला. त्याने मान वर केली होती आणि ती कुठे उभी आहे त्या अंदाजाने तोंड वळवलं होतं.

"मंग आते आठ व्हयन्यात," तो म्हणाला. "सात काय सांगस? पयलेपाईन सांग. आठ."

तिने पदराने तोंड पुसलं, दात पुसले. मग एक बोट वर केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.